सही कोणाची?

रोहे तालुक्यातील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या रासायनिक टाकीत कामगाराला उतरावयाचे असेल, तर आधी एक कागद तयार व्हावा लागतो. टाकी रिकामी केली, धुतली, आतील हवा तपासली, विषारी वायूचा अंश उरलेला नाही, असे जबाबदार जाणकाराने लेखी द्यावयाचे असते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या ३६ व्या कलमाने तो दंडक घालून दिला होता. कामगार त्या कागदाला सुटसुटीतपणे ‘परमिट’ म्हणतात. कागदाने वायू नाहीसा होत नाही, हे त्यांना ठाऊक असते. घाईगर्दीत परमिट न देताच माणूस आत उतरविला जातो आणि सही मागाहून होते, हेही त्यांना ठाऊक असते. तरीही या कागदाचे मोल ते जाणतात. कारण दुर्घटना घडली की पहिला प्रश्न एकच विचारला जातो : परमिटवर सही कोणाची होती? दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याने आधी आपले नाव लिहून द्यावे, एवढा साधा नियम कायद्यात यावा म्हणून जगभरच्या कामगारांना पिढ्यान् पिढ्या झगडावे लागले आहे.

हाच नियम शासनसंस्थेला लागू आहे की नाही, हा आजचा प्रश्न आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या बैसरण पठारावर २६ निरपराध माणसे गोळ्या घालून मारण्यात आली. त्यांत महाराष्ट्रातील सहाजण होते आणि त्यांपैकी एक रायगड जिल्ह्यातील पनवेलचे रहिवासी होते. अशा बातमीनंतर धाटावच्या नाक्यावर, पाळी सुटल्यावर, चहाच्या ग्लासाभोवती जे बोलले जाते, ते कार्यकर्त्यांना नवे नाही. ‘घुसून मारा’ ही मागणी तेथे होतेच. पण तिच्यापाठोपाठ आणखी एक मागणी होते. सैन्य कशाला, रणगाडे कशाला, गाजावाजा कशाला? चार माणसे गुपचूप पाठवा, एकेकाला टिपा, कोणी मारले ते कोणाला कळूसुद्धा देऊ नका. या मागणीला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाही पुरोगाम्याला नाही. ज्याच्या घरातला माणूस सहलीला म्हणून गेला आणि पेटीतून परत आला, त्याच्यासमोर नीतिशास्त्राचे पाठ म्हणणे ही क्रूरता आहे. परंतु संतापाचा आदर करणे वेगळे आणि संतापाच्या हाती शासनाची मोहोर देणे वेगळे. लोकशाही शासनाने, कोणाच्याही सहीवाचून आणि कोणालाही जाब न देता, अंधारात माणसे मारावीत काय, या प्रश्नाचे उत्तर चळवळीने शांतपणे द्यावयास हवे.

हा प्रश्न विचारण्याचा रायगडइतका हक्क फार थोड्या जिल्ह्यांना असेल. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत एकामागून एक बारा स्फोट झाले. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह, झवेरी बाजार अशा गजबजलेल्या ठिकाणी २५७ माणसे मेली आणि ७१३ जखमी झाली. ती स्फोटके याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर उतरली होती. जानेवारी १९९३ मध्ये दिघीच्या बंदरावर शस्त्रे उतरली, फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रांबरोबर आरडीएक्स उतरले. म्हसळ्याकडून मुंबईला जावयाचे, तर वाट पुढे माणगाव, कोलाड, नागोठणे आणि पेणच्या महामार्गाला मिळते आणि कोलाडपासून धाटाव हाकेच्या अंतरावर आहे. मुंबईच्या चिंधड्या करणारा माल रायगडच्याच मातीवरून गेला, हे या जिल्ह्याने कधी विसरू नये.

आणि तो कसा गेला, हेही विसरू नये. सीमेपार जाऊन कोणी शत्रूचा काटा काढला नाही, म्हणून काही तो गेला नाही. ९ जानेवारीच्या रात्री दिघीहून निघालेला माल म्हसळ्याजवळ गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविला होता. अडविला आणि सोडला. लाचेचा सौदा ठरला आणि रोकड हाती येईपर्यंत चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या. पुढे टाडा न्यायालयासमोर हे सारे उघड झाले. पोलीस आणि सीमाशुल्क खात्यांतील अनेकांना शिक्षा झाल्या आणि २१ मार्च २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणाचा अंतिम निवाडा दिला. म्हणजे त्या रात्री शासनाचा हात काळोखात होता, गुप्त होता आणि कोणालाही जाबदार नव्हता. त्या काळोखात त्याने काय केले? त्याने २५७ माणसांचे प्राण चांदीच्या भावाने विकले. जाबाविना सत्ता म्हणजे काय, याचा रायगडने घेतलेला अनुभव हा असा आहे. त्याच सत्तेला, त्याच काळोखात, उद्या बंदूक देऊन ‘कोणाला मारावयाचे ते तूच ठरव’ असे सांगणे कितपत शहाणपणाचे आहे?

गुप्त कारवायांच्या समर्थकांची बाजू मात्र पूर्ण ऐकून घेतली पाहिजे. ती दुबळी नाही. स्फोटांचा कट रचणारे मुख्य आरोपी परदेशात पळाले आणि तीन दशकांनंतरही हाती लागलेले नाहीत. जे शेजारी राष्ट्र त्यांना आसरा देते, त्याच्याकडून ते कधी स्वखुषीने सोपविले जातील, अशी आशा भोळसटाने बाळगावी. खटला चालण्यात आणि निकाल लागण्यात चौदा वर्षे गेली. उघड युद्ध करावे तर दोन्ही राष्ट्रांकडे अण्वस्त्रे आहेत आणि युद्धात मरतात ती दोन्हीकडच्या गरिबांची पोरे. मग हजारोंचा संहार टाळून नेमका गुन्हेगारच टिपणारी लहानशी गुप्त कारवाई ही अधिक नीतिमान नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. अहिंसेचे नाव घेऊन तो उडवून लावता येणार नाही.

याचे उत्तर देताना दोन गोष्टींची गल्लत टाळली पाहिजे. एक आहे नियोजनाची गुप्तता. दुसरी आहे जबाबदारीची गुप्तता. हल्ला कधी होणार, कोणत्या वाटेने होणार, खबर कोणी दिली, हे झाकून ठेवण्यात अनीती काहीच नाही. ते उघडे करणे हाच सैनिकांचा घात होईल. परंतु हल्ला झाल्यानंतर तो कोणाच्या हुकमाने झाला, कोणत्या पुराव्यावर झाला, चुकला तर उत्तर कोण देणार, हे कायमचे झाकून ठेवणे ही निराळी गोष्ट आहे. पहिली गुप्तता शत्रूपासून असते. दुसरी स्वतःच्या जनतेपासून असते. सप्टेंबर २०१६ मध्ये नियंत्रणरेषेपलीकडे झालेली कारवाई, फेब्रुवारी २०१९ मधील बालाकोटची आणि ७ मे २०२५ ची कारवाई यांच्या गुणदोषांविषयी मतभेद असतील आणि ते मांडलेही जावेत. पण त्यांची तयारी गुप्त होती, जबाबदारी उघड होती. देशाच्या शासनाने ‘हे आम्ही केले’ असे जगासमोर सांगितले. म्हणूनच त्यांवर संसदेत प्रश्न विचारता आले, टीका करता आली. ज्या कृत्यावर कोणाचे नावच नाही, त्याविषयी प्रश्न तरी कोणाला विचारावयाचा?

शिवरायांच्या गनिमी काव्याचा दाखला या चर्चेत हमखास निघतो आणि ज्या जिल्ह्याचे नावच रायगड, तेथे तो निघावा हे स्वाभाविक आहे. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानावर घातलेला छापा रात्रीचा होता, गुप्त होता. पण तो कोणावर होता? फौज घेऊन मुलूख व्यापून बसलेल्या सेनापतीवर. आणि तो कोणी घातला? राजाने, स्वतः आत शिरून. दुसऱ्याच्या हाताने काटा काढून ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याचा तो मार्ग नव्हता. ज्या राजाने १६७३ साली चिपळूण भागातील आपल्या लष्कराला पत्र लिहून, रयतेच्या धान्याला आणि गवताला जबरीने हात लावू नका अशी ताकीद दिली, त्याच्या लेखी गनिमी कावा म्हणजे बेजबाबदारी नव्हती. काव्याचे नाव घ्यावयाचे आणि ताकीद विसरावयाची, हा इतिहासाचा सोयीस्कर वापर झाला.

समाजवादी चळवळीला तर या प्रश्नावर स्वतःचाच इतिहास तपासावा लागेल. १९४२ चे भूमिगत आंदोलन हा तिच्या अभिमानाचा विषय आहे. जयप्रकाशांनी नेपाळच्या तराईत आझाद दस्ता उभारला. माथेरानच्या भाई कोतवालांनी वकिलीची सनद बाजूला ठेवून याच जिल्ह्याच्या डोंगरांतून विजेच्या तारांचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. मग गुप्त कृतीला आज विरोध कोणत्या तोंडाने करावयाचा, असे कोणी विचारील. उत्तर असे की, त्या लढ्याचे लक्ष्य मनोरे होते, माणसे नव्हती. तो लढा मताचा अधिकार नसलेल्या प्रजेने परकी सत्तेविरुद्ध केला; स्वतःच्या जनतेने निवडून दिलेल्या सरकारने तो केला नव्हता. तरीदेखील महात्मा गांधींना त्यातील गुप्तता मान्य नव्हती. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. अरुणा असफअलींसारख्यांनी तो मानला नाही. दोन्ही बाजू थोर होत्या आणि वाद खरा होता. सर्वस्व पणाला लावणाऱ्या देशभक्तांच्या गुप्ततेविषयीही ज्या चळवळीत इतकी चिकित्सा झाली, त्या चळवळीने शासनाच्या गुप्ततेपुढे मुकाट्याने मान तुकवावी, हे विचित्र आहे.

आणीबाणीने याची दुसरी बाजूही दाखविली. बडोदा डायनामाइट प्रकरणात जॉर्ज फर्नांडिस आणि त्यांचे सहकारी देशाविरुद्ध कट करणारे ठरविले गेले. १९७७ साली सरकार बदलले आणि खटला मागे घेतला गेला. त्याच आणीबाणीत, मार्च १९७६ मध्ये, केरळमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विद्यार्थी पोलिसांनी उचलला आणि तो घरी परतला नाही. त्याच्या वडिलांना मुलाचे प्रेतही मिळाले नाही. दहशतवादी कोण, हे शासन ठरविते. आणि शासन बदलले की व्याख्याही बदलते. ज्यांना एकदा स्वतः या यादीत जावे लागले आहे, त्यांनी तरी यादी बनविणाऱ्याच्या हाती कोरा धनादेश देऊ नये.

या सर्व विवेचनाच्या मुळाशी एक साधे सत्य आहे : माणसे चुकतात आणि पोलीस व हेर हीही माणसेच असतात. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत स्फोट होऊन १८० हून अधिक प्रवासी ठार झाले. तपास झाला, खटला चालला आणि २०१५ साली विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवून त्यांपैकी पाचांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा टिकत नाही म्हणून बाराही जणांना निर्दोष ठरविले. त्यांपैकी एकजण तोवर तुरुंगातच मेला होता. राज्य शासनाने या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबर २००६ मध्ये मालेगावात स्फोट झाले. त्यांत नऊ मुस्लिम आरोपी केले गेले; एक मध्यंतरी वारला आणि बाकीच्यांना २०१६ साली विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. वकील, साक्षीपुरावे, उलटतपासणी, अपील असा सारा सरंजाम असूनही खालच्या आणि वरच्या न्यायालयांत एवढे अंतर पडते. मग जेथे वकील नाही, साक्ष नाही, अपील नाही, फक्त एक फाईल आणि एक पिस्तूल आहे, तेथे चूक किती होत असेल? आणि ती दुरुस्त कोण करणार? फाशी सुनावलेल्या माणसालाही निर्दोष सोडता येते. अंधारात मारलेल्याला सोडता येत नाही.

१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायलचे अकरा खेळाडू व प्रशिक्षक पॅलेस्टिनी अतिरेक्यांकडून मारले गेले. त्याचा सूड म्हणून इस्रायलच्या गुप्तहेरांनी युरोपभर माणसे टिपली. गुप्त कारवाईच्या समर्थकांचे हे आवडते उदाहरण आहे. त्या गोष्टीचा एक भाग मात्र ते सांगत नाहीत. २१ जुलै १९७३ रोजी नॉर्वेच्या लिलेहॅमर गावात त्यांनी एका माणसाला त्याच्या गरोदर पत्नीदेखत गोळ्या घातल्या. तो कटाचा सूत्रधार नव्हता. मोरोक्कोहून पोटासाठी आलेला तो एक हॉटेलातील वाढपी होता. १९९६ साली इस्रायलने त्याच्या कुटुंबाला नुकसानभरपाई दिली. जबाबदारी मात्र मान्य केली नाही. पैसे दिले, सही दिली नाही.

स्पेनचे उदाहरण तर समाजवाद्यांनी डोळे उघडून वाचावे, कारण तेथे सत्तेवर समाजवादी पक्षच होता. फ्रँकोची हुकूमशाही संपून लोकशाही आलेली, बास्क प्रांतात ‘ईटा’ संघटनेचे हत्यासत्र चालू, जनता संतप्त. अशा वेळी १९८३ ते १९८७ या काळात ‘गाल’ या नावाच्या गुप्त टोळ्यांनी २७ माणसे मारली. त्यांतील अनेकांचा ‘ईटा’शी काहीही संबंध नव्हता. एका व्यापाऱ्याला तर निव्वळ चुकीने पळवून नेऊन दहा दिवस डांबून ठेवले गेले. या टोळ्यांमागे गृहखात्यातील माणसे आणि सरकारी पैसा होता, हे पुढे सिद्ध झाले आणि १९९८ साली माजी गृहमंत्र्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. ‘ईटा’ त्याने संपली काय? नाही. उलट, सरकारही आमच्यासारखेच मारते, हे सांगावयास तिला पुरावा मिळाला. ती विसर्जित झाली ती २०१८ साली. पोलिसांचा चिवट तपास, फ्रान्सचे सहकार्य आणि बास्क जनतेनेच तिच्याकडे फिरविलेली पाठ, यांनी तिला तो दिवस दाखविला. सत्तेवर डावा पक्ष असला म्हणजे काळोख कमी काळा होतो, या भ्रमातून तरी स्पेनने सर्वांना मुक्त करावयास हवे.

गुप्त कृत्याचे परिणाम गुप्त राहत नाहीत. अबटाबादला ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेने कावीळप्रतिबंधक लसीकरणाची बनावट मोहीम चालविली. २०११ साली लादेन मेला. पण लस टोचणारा प्रत्येक हात पाकिस्तानात संशयित झाला. पोलिओचा डोस पाजणाऱ्या आरोग्यसेविकांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ साली अमेरिकेला जाहीर करावे लागले, की यापुढे लसीकरणाचा असा वापर होणार नाही. तोवर किंमत मोजली होती ती गरिबांच्या मुलांनी. भारताचा अनुभवही निराळा नाही. १९८० च्या दशकात श्रीलंकेतील तमिळ बंडखोरांना भारताच्या भूमीवर गुपचूप लष्करी शिक्षण दिले गेले. संसदेत त्याची कधी नीट चर्चा झाली नाही. पुढे त्यांच्यातल्याच सर्वांत प्रबळ संघटनेशी लढताना शांतिसेनेचे अकराशेहून अधिक जवान कामी आले आणि २१ मे १९९१ रोजी तिनेच राजीव गांधींचा बळी घेतला. अंधारात पेरलेले उजेडात उगवते, आणि पेरणाऱ्याच्याच अंगणात उगवते.

सर्वांत मोठा धोका यापुढचा आहे. परक्या भूमीवर जे चालते म्हणून मान्य केले, ते स्वदेशी परतते. १९९० च्या दशकात मुंबईने ‘चकमकी’ना टाळ्या वाजविल्या. गुंडच तर मरताहेत, मग बिघडले कोठे? बिघडले ते असे : १९९३ च्या खटल्यातील जामिनावर सुटलेले काही आरोपी, खटला चालू असतानाच, एका गुंडटोळीच्या गोळ्यांना बळी पडले आणि त्या टोळीच्या म्होरक्याला ‘देशभक्त’ म्हणण्याइतपत लोकांची बुद्धी फिरली. घाटकोपरच्या बसस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये पकडलेला परभणीचा एक तरुण अभियंता पोलीस कोठडीतून नाहीसा झाला. तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या तपासात ते खोटे ठरले. त्या प्रकरणातील इतर आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. नोव्हेंबर २००६ मधील एका खोट्या चकमकीबद्दल मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ साली तेरा पोलिसांना जन्मठेप दिली. ज्याला सहीवाचून मारण्याची सवय लागली, तो पुढे सुपारी घेऊनही मारू लागतो; कारण त्याला विचारणारे कोणी उरलेले नसते. गोंडघर फाट्यावरची चांदीची वीट आणि खोट्या चकमकीतील गोळी यांचे गोत्र एकच आहे.

जून २०२३ मध्ये कॅनडात एका खलिस्तानवादी नेत्याची हत्या झाली. तिच्याशी आणि पुढे पाकिस्तानात झालेल्या काही हत्यांशी भारताच्या यंत्रणांचा संबंध असल्याचे आरोप परदेशातून झाले. भारत सरकारने ते नाकारले आहेत. आरोप खरे की खोटे, हे पुराव्यानेच ठरेल. पण २०२४ च्या निवडणुकीच्या काळात एक विलक्षण दृश्य दिसले. परराष्ट्र खाते ‘हे आम्ही करीत नाही’ असे सांगत होते आणि प्रचाराच्या व्यासपीठावरून ‘घरात घुसून मारतो’ अशा घोषणा दिल्या जात होत्या. जगाला नकार आणि मतदाराला सूचक हास्य! जे केले नाही, त्याचे श्रेय घेऊ नये. जे केले, ते नाकारू नये. मतांसाठी हत्येचे श्रेय घ्यावयाचे आणि जबाबदारीच्या वेळी हात झटकावयाचे, ही राजनीती नव्हे, हा लोकशाहीचा उपमर्द आहे.

मग करावयाचे काय? उघड मार्ग दीर्घ आहे, पण तो बंद नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलल्या, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. तो जिवंत सापडल्यामुळेच पाकिस्तानातील सूत्रधारांचा कट जगासमोर साक्षीपुराव्याने मांडता आला. खुल्या न्यायालयात त्याला वकील मिळाला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मिळाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात त्याला फाशी झाली. फाशीच्या शिक्षेविषयी चळवळीत मतभेद आहेत. पण त्याच खटल्यात पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी सुटले, हा त्या न्यायालयाचा दुबळेपणा नव्हता, ते त्याचे बळ होते. २००५ साली अबू सालेमला पोर्तुगालहून आणि एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेहून आणले गेले, तेही कायद्याच्याच वाटेने. ओंबळ्यांच्या हाती ती रात्र होती ती केवळ काठीची. बंदुकीपेक्षा ती देशाच्या अधिक कामी आली.

दुसरी गोष्ट कायद्याची. भारताच्या गुप्तवार्ता विभागाला एकोणिसाव्या शतकाचा वारसा आहे आणि परदेशातील हेरगिरीची संस्था १९६८ साली स्थापन झाली; परंतु या दोन्ही यंत्रणांच्या अधिकारांच्या मर्यादा आखणारा संसदेचा कायदा नाही आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी संसदीय समितीही नाही. अमेरिकेत १९७५ च्या सेनेट चौकशीने परकी नेत्यांच्या हत्यांचे कट उघडकीस आणले आणि त्यानंतर तेथे अशी कायम समिती झाली. ब्रिटनने १९९४ साली कायदा केला. हे देश साधुसंत नाहीत आणि या समित्यांनी त्यांचे सगळे हात बांधले गेले नाहीत. पण विचारणारे कोणीतरी आहे, एवढी जाणीव तरी निर्माण झाली. भारतात २०११ साली एका खासगी विधेयकाने असा प्रयत्न झाला, तो पुढे गेला नाही. गुपिते चव्हाट्यावर आणावीत, असे कोणी म्हणत नाही. शपथबद्ध अशा मोजक्या संसद-सदस्यांपुढे, ज्यांत विरोधी पक्ष असेल, प्रत्येक मोठ्या गुप्त कारवाईचा हुकूम आणि त्याखालची सही ठेवली जावी, एवढीच मागणी आहे. आणि माणूस हाती लागू शकत असताना त्याला ठार मारण्याचा हुकूम कोणत्याही सहीने नीतिमान होत नाही, हेही त्या कायद्यात लिहिले जावे.

तिसरी गोष्ट किनाऱ्यावरची आहे आणि ती रायगडच्या कार्यकर्त्याच्या हातची आहे. १९९३ नंतर नौदल आणि तटरक्षक दलाची गस्त सुरू झाली, तरी २००८ साली दहाजण समुद्रमार्गे मुंबईत उतरले. त्यांना किनाऱ्यावर प्रथम हटकले ते कोळ्यांनी. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ असलेली एक बेवारस नौका लागली. जिल्हाभर धसका बसला. त्याच दिवशी शासनाने विधिमंडळात निवेदन केले : नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची, बिघाडानंतर भरकटत आलेली. अफवा विरून गेल्या. उघडपणाने भीती कशी शमते, याचा तो धडा होता. जीवनाबंदरपासून दिघी-शेखाडीपर्यंत मच्छीमारांचे ऐकले जाते काय, बंदरावरच्या चौकीत माणूस असतो काय, फाट्यावर गाडी अडविणाऱ्याचा हात स्वच्छ आहे काय, हे विचारणे सीमेपारच्या सूडाइतके रोमहर्षक नाही. पण १९९३ साली एवढेच झाले असते, तर २५७ माणसे वाचली असती. आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या दंगलीत मारल्या गेलेल्या ९०० जणांची दखल घेणारा श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ज्या निष्ठेने अमलात यावयास हवा होता, तसा तो आला असता, तर द्वेषाचे बियाणेही इतके पिकले नसते.

दहशतवादी अंधारात येतो, नाव लपवितो, निरपराधाला मारतो आणि कोणालाही जाब देत नाही. त्याचा पराभव करणे म्हणजे त्याच्याहून अधिक माणसे मारणे नव्हे. त्याच्यासारखे न होता त्याला कायद्यासमोर उभे करणे होय. धाटावच्या टाकीत एका कामगाराला उतरविण्यासाठी जर सही लागत असेल, तर एका माणसाला जगातून उठविण्यासाठी ती लागणार नाही, हे कोणत्या न्यायाने? कार्यकर्त्यांनी नाक्यावरच्या चर्चेत हा एकच प्रश्न विचारावा, न चिडता, न हिणवता. कामगाराला तो समजेल. परमिटवर सही नसताना टाकीत उतरविलेल्यांचे काय होते, हे त्याने पाहिलेले आहे.